हरवण्याची हौस आणि हरवण्याची सक्ती

माणूस कोणकोणत्या गोष्टींसाठी पैसे मोजतो, याची यादी वाणिज्य शाखेच्या पहिल्या वर्षालाच आम्हाला शिकवली जाते. आधी गरजा, मग सुखसोयी, मग चैन. या यादीत 'वाट चुकणे' ही वस्तू मला कुठे आढळली नाही. तरीही आज परदेशात असंख्य माणसे रीतसर तिकीट काढतात, रात्रीच्या वेळी हातात बॅटरी घेऊन मक्याच्या उभ्या शेतात शिरतात, तासभर वाट चुकतात आणि हसत हसत बाहेर येतात. याला मक्याचा भुलभुलैया म्हणतात. असा एक भुलभुलैया सुरतेजवळ काढावा की नाही, यावर गेल्या हिवाळ्याच्या सुट्टीत आमच्या घरी आठ दिवस वाद झाला. त्या वादातून जे सुचले ते वाचकांपुढे ठेवीत आहे.

माझे मामा सुरतेला उधन्यात राहतात. सुरत म्हटले की मराठी माणसाला पहिल्यांदा १६६४ साल आठवते. पण आजच्या सुरतेत उधना, लिंबायत, डिंडोली या भागांत फिरले तर कानावर खानदेशी मराठी इतकी पडते की आपण जळगावात आहोत की काय, असे वाटावे. तिथल्या महापालिकेच्या मराठी माध्यमाच्या शाळाही आहेत. माझा मामेभाऊ तिथेच लहानाचा मोठा झाला. गुजराती हवापाण्याचा परिणाम म्हणा, त्याला प्रत्येक गोष्टीत धंदा दिसतो. त्याने मोबाइलवर अमेरिकेतल्या मक्याच्या भुलभुलैयाची चित्रफीत दाखवली आणि म्हणाला, "ओलपाडकडे एखादे शेत खंडाने घेऊ. मका लावू. रात्री बॅटऱ्या भाड्याने देऊ. सुरतची माणसे खायला आणि फिरायला पैसा सोडतात. बाहेर पोंकाची गाडी लावली की झाले!"

पोंक म्हणजे आपला हुरडा. आमच्या घरी कन्नडमध्ये त्यालाच सीतनी म्हणतात. हिवाळा आला की अडाजणच्या बाजूला, तापीच्या काठी, पोंकाची दुकाने लागतात. कोवळी ज्वारी भाजून, झोडून, शेव आणि साखरेच्या गोळ्यांबरोबर देतात. पोंकाचे वडेही मिळतात. एक धान्य, तीन भाषा, तीन नावे, आणि चव मात्र एकच. तेव्हा शेत आणि करमणूक यांची गाठ आपल्याकडे काही नवी नाही. हुरड्याच्या निमित्ताने शहरातला माणूस शेतात जातोच. मामेभावाची कल्पना त्याच्याच एक पाऊल पुढची होती.

हा खेळ आला कुठून, हे पाहिले तेव्हा एक गंमत कळली. आधुनिक काळातला पहिला मक्याचा भुलभुलैया १९९३ साली अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या अ‍ॅनव्हिल गावी झाला, आणि तो काढला एका कॉलेजच्या आवारात. लेबनॉन व्हॅली कॉलेज हे त्याचे नाव. त्याच कॉलेजचा माजी विद्यार्थी डॉन फ्रांट्झ याने एड्रियन फिशर या इंग्रज रचनाकाराच्या मदतीने मक्याच्या शेतात डायनोसॉरच्या आकाराच्या वाटा कापल्या. त्या वर्षी अमेरिकेच्या मध्यभागात मोठा पूर आला होता. भुलभुलैयातून जमलेला पैसा पूरग्रस्तांच्या मदतीसाठी होता. म्हणजे हा खेळ जन्मला तो कॉलेजात आणि परोपकारासाठी. ही गोष्ट मी मुद्दाम लक्षात ठेवली आहे. पुढे तिचे काम पडणार आहे.

याची कृतीही सोपी आहे. मका नेहमीपेक्षा दाट पेरायचा, शक्य तर उभा आणि आडवा दोन्ही बाजूंनी, म्हणजे भिंती भरगच्च होतात. पीक गुडघ्याएवढे झाले की आखलेल्या वाटांवरची रोपे काढून टाकायची. दीड-दोन महिन्यांत मका डोक्याच्या वर जातो आणि गल्ल्या तयार होतात. आपल्याकडे खरिपाचा मका ऑगस्टात उंच असतो, तेव्हा सुरतेला पाऊस आणि चिखल. रब्बीचा मका मात्र जानेवारीच्या सुमारास छातीवर येतो, आणि नेमका तोच पोंकाचा मोसम. इथवर मामेभावाचा हिशेब बरोबर होता, हे मलाही मान्य करावे लागले.

खेळ म्हणूनही मला तो वाईट वाटत नाही. वाट चुकण्याचे आकर्षण माणसाला फार जुने आहे. लखनौच्या बडा इमामबाड्यातला भुलभुलैया अठराव्या शतकातला. त्याहून कितीतरी जुनी गोष्ट आपल्या सोलापूर जिल्ह्यातच आहे. बोरामणीच्या माळरानावर दगड मांडून केलेले पंधरा फेऱ्यांचे वर्तुळाकार चक्रव्यूह असल्याची बातमी २०२५ च्या डिसेंबरात वर्तमानपत्रांत आली होती. ते सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे असावे, असा अभ्यासकांचा अंदाज त्यात दिला होता. अशा दगडी चक्रव्यूहात वाट एकच असते. ती कितीही वळली तरी शेवटी मध्यावर नेते. चुकायला जागाच नाही. मक्याच्या भुलभुलैयात मात्र पावलोपावली फाटे फुटतात. पहिल्यात धीराची परीक्षा, दुसऱ्यात निवडीची.

माझी घरची भाषा कन्नड, शाळा मराठी. त्यामुळे शब्दांची गल्लत आणि गंमत मला लहानपणापासून सवयीची. कन्नडमध्ये 'दारि' म्हणजे वाट. मराठीत 'दार' म्हणजे दरवाजा. भुलभुलैयात शिरलेल्या माणसाची अडचण या दोन शब्दांत मावते: त्याला वाटा भरपूर सापडतात, दार सापडत नाही. आता आपल्या शेतकऱ्याच्या बोलीत याच शब्दाचा तिसरा अर्थ आहे. 'दारे धरणे' म्हणजे पिकाला पाणी देताना पाटाची तोंडे एकामागून एक उघडणे आणि बुजवणे. माझ्या लेखाचा खरा विषय या तिसऱ्या अर्थाशी येऊन ठेपतो.

पण आधी त्या तिकिटाचा विचार करू. या खेळात गिऱ्हाईक नेमके काय विकत घेते? अंधार, उंच पीक आणि हातातली बॅटरी, एवढ्याच तर गोष्टी. पण त्यांच्यामागे एक चौथी वस्तू असते आणि खरी किंमत तिची असते. ती म्हणजे बाहेर पडण्याची हमी. मालकाची माणसे उंच मचाणावर बसलेली असतात. हाक मारली की वाट दाखवायला कोणी तरी येते. २०११ साली अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या डॅनव्हर्स गावी एक कुटुंब तान्ह्या बाळासह संध्याकाळी मक्यात अडकले. घाबरून त्यांनी पोलिसांना फोन केला. पोलीस कुत्रा घेऊन आले आणि थोड्याच वेळात त्यांना बाहेर काढले. तेव्हा कळले की ही मंडळी रस्त्यापासून अगदी थोड्या फुटांवर उभी होती! जगभर या बातमीचे हसे झाले. मला हसू आले नाही. एक एकराचा चौरस घेतला तर त्याची बाजू सुमारे २०९ फूट भरते. सरळ चालत सुटले तर मिनिटभरात माणूस बाहेर. तरीही अंधारात, डोक्यावरच्या पिकात, तो मिनिट सापडत नाही. अंधाराची ताकद एवढी असते.

आता ही चौथी वस्तू, म्हणजे हमी, काढून टाका. बाकीच्या तीन तशाच राहू द्या. अंधार, उंच पीक आणि बॅटरी. हे दृश्य पाहायला अमेरिकेला जायला नको. अक्कलकोट तालुक्यात आमच्या गावी आठवडाआड ते दिसते.

आमच्याकडे शेतीपंपाची वीज पाळीने येते. एका पाळीत दिवसा, दुसऱ्या पाळीत रात्री. रात्रीची पाळी आली की काका जेवून उठतात, डोक्याला टॉवेल गुंडाळतात, कपाळाला बॅटरी बांधतात, खांद्यावर फावडे टाकतात आणि उसात दारे धरायला जातात. बॅटरी हातात का घेत नाहीत? कारण फावड्याला दोन्ही हात लागतात. वीज अकराला आली तर अकराला, एकला आली तर एकला. मध्येच गेली तर परत येईपर्यंत बांधावर बसायचे, कारण एकदा घरी गेले आणि वीज आली की पाणी एकाच सरीत साचून राहते. आजी पहाटेपर्यंत जागी असते. ती काही बोलत नाही. पण काकांच्या चपलांचा आवाज अंगणात आला की कूस बदलून झोपते.

मी काकांबरोबर पुष्कळदा गेलो आहे. भुलभुलैयात शिरणारा माणूस बॅटरी समोर धरतो, कारण त्याला वाट शोधायची असते. काका मान खाली घालून उजेड पायाशी पाडतात. वाट त्यांना पाठ आहे. त्यांना शोधायचे असते ते पायाखाली काय आहे. उजेड कुठे पडतो, यावरून कोण हौसेने आला आहे आणि कोण सक्तीने, हे दुरूनही ओळखता येते.

पायाखाली काय असते, ते आकड्यांत सांगतो. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासाप्रमाणे भारतात २००० ते २०१९ या वीस वर्षांत सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावली. म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. यातले बहुतेक खेड्यातले. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार जातींचा यात मोठा वाटा. घोणस तर पालापाचोळ्यात पडून असते आणि तिचा रंग असा की दिवसाही दिसायची नाही. सर्पदंशाच्या मृत्यूंची संख्या २०३० पर्यंत निम्म्यावर आणायची, अशी राष्ट्रीय योजना केंद्र सरकारने २०२४ च्या मार्चमध्ये जाहीर केली. योजना स्वागतार्ह आहे. पण शेतकऱ्याला वीज रात्री एक वाजता द्यायची आणि त्याच शेतकऱ्याला 'रात्री गवतातून चालू नका' असे भित्तिपत्रक वाटायचे, यातला विरोध कोणाच्या लक्षात येत नाही काय?

दुसरे भय बिबट्याचे. ऊस म्हणजे बिबट्याला जंगलच. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले भागात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासात, जिथे जंगल जवळजवळ नाही आणि शेते व वस्त्याच आहेत, अशा मुलखात १०० चौरस किलोमीटरला सुमारे पाच बिबटे आढळले. तो अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. गुजरातेत २०१६ च्या गणनेत १,३९५ बिबटे होते. २०२३ च्या गणनेत ते २,२७४ झाले. सुरत जिल्ह्यातले मांडवी, महुवा, बारडोली हे तालुके उसाचे, आणि तिथेही ऊसतोडीच्या वेळी बिबट्याची पिले सापडल्याच्या बातम्या येतात. जुन्नर आणि बारडोली यांच्यामध्ये राज्याची हद्द आहे. बिबट्याला आणि उसाला ती ठाऊक नाही.

मग वीज रात्रीच का देतात? हा प्रश्न वाणिज्याच्या विद्यार्थ्याने विचारलाच पाहिजे. यात कोणाचा दुष्टपणा नाही, हिशेब आहे. औष्णिक केंद्राची भट्टी दिव्याच्या बटणासारखी लावता-विझवता येत नाही. दिवसा आणि संध्याकाळी शहरे, कारखाने आणि घरे विजेवर तुटून पडतात. मध्यरात्रीनंतर मागणी उतरते आणि वीज उरते. उरलेली वीज घेईल असे गिऱ्हाईक हवे. कारखान्याला 'तुम्ही रात्रीच चालवा' असे सांगता येत नाही. शहरातल्या घराला तर नाहीच नाही. सांगता येते ते एकट्या शेतीपंपाला. बाजाराचा नियमच आहे: ज्या गिऱ्हाइकाचा आवाज लहान, त्याची वेळ गैरसोयीची.

यावर एक उत्तर नेहमी ऐकू येते: शेतकऱ्याला वीज फुकट किंवा नाममात्र दरात मिळते, मग त्याने वेळेची तक्रार कशाला करावी? महाराष्ट्रात २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना वीजबिल माफ आहे. कर्नाटकात दहा अश्वशक्तीपर्यंत. हे खरे. पण फुकट वस्तूचीही किंमत कोणीतरी देतोच. इथे ती झोपेत मोजली जाते, आणि कधी कधी जिवात. जमाखर्चाच्या वहीत झोपेचा रकाना नसतो, एवढ्यावरून तो खर्च झाला नाही, असे कोणी म्हणू नये.

शिवाय तो जुना हिशेब आता उलटला आहे. सौर ऊर्जा स्वस्त झाली, आणि ती मिळते दिवसा. म्हणजे ज्या कारणासाठी शेतकऱ्याला रात्री उठवायचे, ते कारणच मोडीत निघू लागले आहे. गुजरातने हे आधी ओळखले. २००३ नंतर ज्योतिग्राम योजनेत तिथे गावाची आणि शेतीची वीजवाहिनी वेगळी केली गेली. घरांना चोवीस तास आणि पंपांना ठरावीक आठ तास, अशी व्यवस्था झाली. पण ते आठ तास पुष्कळदा रात्रीचे असत. २४ ऑक्टोबर २०२० रोजी किसान सूर्योदय योजना सुरू झाली. पहाटे पाच ते रात्री नऊ या वेळेतच शेतीला थ्री-फेज वीज द्यायची, हा तिचा हेतू. महाराष्ट्रात २०१७ पासून मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आहे आणि २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा सुरू झाला. या मागणीसाठी २०२२ च्या फेब्रुवारीत कोल्हापुरात शेतकऱ्यांनी धरणे धरले होते. आणि २०२३ च्या ऑक्टोबरात विजयपूर जिल्ह्यातल्या रोणिहाळ गावच्या शेतकऱ्यांनी जे केले, ते तर कोणी विसरणार नाही. रात्री पाणी देताना शेतात मगर निघाली. त्यांनी ती बांधली, गाडीत घातली आणि थेट वीज उपकेंद्रावर नेऊन ठेवली! मगर म्हणजे त्यांचा तक्रार अर्ज होता. आमच्या मासिकाच्या कन्नड विभागाचे वाचक या गोष्टीवर हसले असतील. पण मगर कचेरीत न्यावी लागते, तेव्हा कागदाचे अर्ज किती वाया गेले असतील, याचाही विचार त्यांनी करावा.

म्हणजे उपाय माहीत आहे, पैसा काही प्रमाणात उभा आहे, आणि काम सुरू आहे. उरला आहे तो वेगाचा प्रश्न. वेग येतो तो मागणीचा आवाज मोठा झाल्यावर. आणि हा आवाज शहरातून का उठत नाही? कारण शहराला रात्रीचे शेत माहीत नाही.

हे मला सुरतेतच जाणवले. एका रात्री मामेभावाबरोबर बारडोलीच्या रस्त्याने शेत बघायला गेलो होतो. परत येताना अंधारात उसाच्या फडाशी ट्रक उभा दिसला. बॅटऱ्यांच्या उजेडात बाया-माणसे मोळ्या डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढत होती. आम्ही थांबलो. एका माणसाशी मामेभाऊ गुजरातीत बोलला, त्याने उत्तर दिले मराठीत. नंदुरबारकडची टोळी होती. दिवसभर तोड, आणि गाडी येईल तेव्हा भरणी. गाडीची वेळ गाडीवाला ठरवणार. फडाच्या कडेला गोणपाटावर दोन मुले झोपली होती. त्यांच्याजवळ एक लहान बॅटरी पेटवून ठेवली होती. कोणी वाचावे म्हणून नव्हे. ट्रक मागे घेताना ती ड्रायव्हरला दिसावीत म्हणून.

या कामगारांना तिकडे आणि इकडेही 'कोयता' म्हणतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. माणसाचे नाव हत्यारावरून पडावे, यातच सगळे आले. यान ब्रेमन या डच समाजशास्त्रज्ञाने बारडोलीच्या सहकारी साखर कारखान्यांकडे येणाऱ्या या मजुरांवर १९७० च्या दशकात लिहिले. सहकाराची जी भरभराट आम्ही पाठ्यपुस्तकात शिकतो, तिच्या मागच्या बाजूला ही माणसे आहेत, हे त्या लेखनाने दाखवले. गुजरात सरकारने २०२३ च्या सुमारास ऊसतोडीची किमान मजुरी टनाला २३८ रुपयांवरून ४७६ रुपये केली. चांगले झाले. पण दर दुप्पट झाला म्हणून रात्र निम्मी झाली नाही. आणि सौर ऊर्जेने पंप दिवसा चालेल. ट्रक दिवसा यावा म्हणून मात्र कोणतीच योजना नाही.

मामेभाऊ त्या रात्री गाडीत बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "तुझे खरे आहे. पण म्हणून माणसाने खेळूच नये काय? प्रत्येक खेळात दुःख आणून बसवले तर क्रिकेटही बंद करावे लागेल."

हा आक्षेप मी टाळू इच्छीत नाही, कारण तो योग्य आहे. कोणी उपाशी आहे म्हणून दुसऱ्याने हुरडा खाऊ नये, असे मी म्हणणार नाही. भीतीशी खेळणे ही माणसाची निकोप भूक आहे. लपंडाव अंधारात खेळावासा वाटतो, तो काही दुष्टपणाने नव्हे. पण एक फरक आहे. क्रिकेट हे कोणाच्या सक्तीच्या कामाचे सोंग नाही. बॅटरी घेऊन रात्री शेतात फिरणे हे मात्र आपल्या देशात आजही लाखो लोकांचे काम आहे. अमेरिकेच्या शहरातल्या माणसाला रात्रीचे शेत ही परीकथा वाटू शकते, कारण तिथे रात्री पाणी द्यायला कोणी कपाळाला बॅटरी बांधून सहसा जात नाही. सुरतेत तिकीट काढून आत शिरलेल्या माणसापासून दहा किलोमीटरवर तेच दृश्य, हमीशिवाय, चालू असणार. दोन शेतांमध्ये अंतर आहे ते एवढेच. ते न पाहता खेळ मांडणे म्हणजे अजाणपण. पाहून मांडला तर त्याच खेळाचा उपयोग होऊ शकतो.

म्हणून माझे मत असे आहे. भुलभुलैया जरूर काढावा, पण पहिला भुलभुलैया ज्या रीतीने निघाला त्या रीतीने काढावा. १९९३ साली एका कॉलेजने जे पूरग्रस्तांसाठी केले, ते आपल्या कॉलेजांना का जमू नये? राष्ट्रीय सेवा योजनेची शिबिरे आपण दरवर्षी घेतो. रस्ते झाडतो, भाषणे ऐकतो. त्याऐवजी एका शेतकऱ्याचे अर्धा एकर घ्यावे, त्याला पिकाची पूर्ण किंमत आधी द्यावी, मका लावावा, वाटा कापाव्या. पीक वाया जात नाही; कणसे विकता येतात, वैरण गुरांना होते. दाराशी तिकिटाबरोबर सर्पदंशाची माहिती द्यावी: गमबूट, काठी आणि खाली धरलेला उजेड, दंश झाला तर मांत्रिक नको, जखम कापू नये, चोखू नये, हलचाल न करता तडक दवाखाना. जमलेल्या पैशातून त्या गावच्या रात्रपाळीच्या शेतकऱ्यांना गमबूट आणि कपाळाच्या बॅटऱ्या द्याव्या. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात सर्पदंशावरचे प्रतिविष शिल्लक आहे की नाही, हे मुलांनी स्वतः जाऊन पाहावे आणि फळ्यावर लिहावे. आणि शेवटच्या दिवशी जे जे आत शिरून हरवले, त्या सर्वांच्या सह्या घेऊन 'शेतीला वीज दिवसा द्या' असा अर्ज पाठवावा. ज्याने एक तास अंधारात उंच पिकात काढला आहे, त्याच्या सहीला वजन असते.

याने रात्रीची वीज लगेच बंद होईल, असा माझा भ्रम नाही. ऊसतोडीच्या फडावरची मुले त्यामुळे अंथरुणात झोपतील, असेही नाही. ते काम सरकारचे, कारखान्यांचे आणि मतदारांचे आहे. पण मतदार म्हणजे तरी कोण? या मासिकाचे वाचक सगळे अठरा ओलांडलेले आहेत. पुढे आपल्यापैकी कोणी बँकेत शेतीकर्ज मंजूर करेल, कोणी वीज कंपनीच्या हिशेब खात्यात बसेल, कोणी सहकारी साखर कारखान्याचे लेखापरीक्षण करेल. त्या वेळी कागदावर 'रात्र पाळी, आठ तास' अशी एक साधी नोंद समोर येईल. ती वाचताना आपल्याला फक्त आकडा दिसणार, की फावडे घेऊन वाकलेला माणूसही दिसणार, हे आपण आज काय पाहिले आहे यावर ठरेल.

मामेभावाने अजून शेत घेतलेले नाही. त्याचा हिशेब चालू आहे. मी त्यात दोन रकाने वाढवून दिले आहेत, एक गमबुटांचा आणि एक अर्जाच्या टपालखर्चाचा. नफा थोडा कमी दिसतो, असे तो म्हणतो. धंद्यात एवढे चालायचेच.